ब्रेक दाबला की स्टीअरिंग थरथरतं, डिस्क बदलली तरी पुन्हा तेच

ज्यांच्या गाडीला हा आजार आहे त्यांना लक्षणं सांगायला नकोत. ताशी ऐंशीने चाललाय, पुढे म्हैस आडवी येते, तुम्ही ब्रेक हलकेच दाबता आणि स्टीअरिंग हातात नाचायला लागतं. पाय काढला की सगळं शांत. गॅरेजमध्ये नेली की मिस्त्री एक चक्कर मारून येतात आणि म्हणतात, "डिस्क वाकड्या झाल्यात." डिस्क, म्हणजे ब्रेक दाबला की पॅड ज्यांना दोन्ही बाजूंनी चिमटतात त्या चाकामागच्या तबकड्या, बदलायच्या. पुढचे चार-सहा महिने गाडी लोण्यासारखी थांबते. मग एक दिवस बोटांना हलकीशी चाहूल लागते, आपण म्हणतो रस्ताच खराब असेल, आणि महिन्याभरात पुन्हा तोच नाच.

या चक्रात मी जवळजवळ दोन वर्षं होतो. गाडी २०१७ ची पेट्रोल हॅचबॅक, पुढे डिस्क, मागे ड्रम. राहायला चिपळूण, सासुरवाडी कराड, म्हणजे महिन्यातून एक-दोनदा कुंभार्ली घाट ठरलेला. पहिल्यांदा थरथर जाणवली ती २०२१ च्या दिवाळीत, पाटणच्या पुढे सरळ रस्त्याला. घाटातून आलोय, ब्रेक तापले असतील, असं म्हणून सोडून दिलं. परतल्यावरही जाईना तेव्हा गॅरेज गाठलं.

तिथून पुढचा हिशेब असा. आधी डिस्क काढून लेथवर फेस मारून, म्हणजे वरचा थर काढून सपाट करून आणल्या. साडेचार महिने बरे गेले. २०२२ च्या एप्रिलमध्ये नव्या डिस्क आणि नवे पॅड. सप्टेंबर संपता संपता थरथर परत. मग दुसऱ्या गॅरेजने दोष सस्पेन्शनवर ढकलला, लोअर आर्मचे बुश बदलले, चाकांचं बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट झालं. फरक शून्य, बिल मात्र चार आकडी. २०२३ च्या जानेवारीत आणखी एक डिस्कची जोडी, या वेळी "कंपनीच्याच घाला" असं बजावून. जूनमध्ये पुन्हा तेच. बायको म्हणाली, "आता गाडीला नाही, तुम्हालाच दाखवून आणूया कुणाला तरी."

या सगळ्या काळात एकानेही काही मोजलं नव्हतं, आणि हे माझ्या खूप उशिरा लक्षात आलं. प्रत्येकाने चालवून बघितली, अंदाज बांधला आणि पार्ट बदलला. मीही पैसे देऊन मोकळा होत होतो.

त्या वर्षी गणपतीला मावसभाऊ घरी आला. तो लोट्याच्या एमआयडीसीत टूलरूमला आहे, माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा. आरत्या झाल्यावर पडवीत बसलो असताना मी रडगाणं लावलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "डायल लावून बघितलीस?" मी म्हटलं, "दादा, डायल कसली?" तो हसला. विसर्जन झाल्यावरच्या रविवारी मॅग्नेटिक स्टँड आणि डायल गेज (शतांश मिलिमीटर मोजणारं सुईचं घड्याळ) पिशवीत घालून आला, आणि दोन वर्षांचं गाऱ्हाणं दुपारच्या जेवणाआधी उलगडलं.

डिस्क "वाकडी" होते म्हणजे काय

आधी हे समजून घेतलं तर पुढचं सोपं जातं. डिस्क बिडाची असते, पापडासारखी वाकत नाही. बहुतेक वेळा होतं ते असं की डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहत नाही. एका जागी किंचित पातळ, समोरच्या जागी किंचित जाड. ब्रेक दाबलेला असताना जाड भाग पॅडमधून जातो तेव्हा पकड वाढते, पातळ भाग जातो तेव्हा कमी होते. ही चढउतार स्टीअरिंगमधून हाताला आणि पेडलमधून पायाला कळते.

किंचित म्हणजे किती? दोन शतांश मिलिमीटर, ०.०२, एवढा फरकही जाणवायला पुरतो. वहीचा कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो. त्याचा पाचवा हिस्सा. डोळ्याला दिसणार नाही, नखाला लागणार नाही. गॅरेजमध्ये डिस्कवर बोट फिरवून "खड्डे पडलेत" म्हणतात ते गोल रेघांबद्दल असतं, आणि त्या रेघांचा या थरथरीशी फारसा संबंध नाही.

ऐंशीच्या आसपासच का? माझ्या टायरचा घेर १.९५ मीटरच्या आसपास आहे. ताशी ८० ला चाक सेकंदाला साडेअकरा फेऱ्या मारतं, म्हणजे सेकंदाला साडेअकरा धक्के, आणि त्या ठेक्याला स्टीअरिंग नेमकं साथ देतं. ताशी तीसला तोच दोष असतो, पण फार तर पेडल पायाखाली हळूच श्वास घेतल्यासारखं वरखाली होतं. गॅरेजवाले गल्लीत चक्कर मारून "काही जाणवत नाही हो" म्हणतात ते याचमुळे. त्यांना बायपासवर न्या.

आता खरा प्रश्न: नवी डिस्क चार-सहा महिन्यांत एका जागी पातळ का होते? कारण ती हबवर, म्हणजे चाक आणि डिस्क ज्यावर बसतात त्या फिरत्या भागावर, तिरकी बसलेली असते. अगदी कणभर तिरकी. चाक फिरताना डिस्कची कड डावी-उजवी डुलते, याला रनआउट म्हणतात. नवीन असताना जाडी सगळीकडे सारखी, त्यामुळे पॅड धरणारा कॅलिपर तिच्याबरोबर सरकतो आणि तुम्हाला काही कळत नाही. पण ब्रेक न दाबता गाडी चालत असते तेव्हा दर फेरीला डिस्कची डुलणारी बाजू पॅडला हलकेच घासून जाते. तीच जागा, दर फेरीला, हजारो किलोमीटर. तिथे डिस्क झिजते. पाच-दहा हजार किलोमीटरमध्ये ते दोन शतांश पुरे होतात आणि स्टीअरिंग थरथरू लागतं. तुम्ही डिस्क बदलता, ती त्याच तिरक्या बैठकीवर बसते आणि घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होतं.

माझ्या दोन्ही जोड्यांचं हेच झालं. दोन्ही वेळा पाच-सहा हजार किलोमीटर. आजार परत यायला दर वेळी साधारण तेवढंच अंतर लागत असेल तर संशय डिस्कवरून काढा आणि ती ज्यावर बसते त्याच्यावर घ्या. फेस मारल्यावर किंवा डिस्क बदलल्यावर पहिल्याच दिवशी थरथर असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा लेथचं काम किंवा डिस्कच खराब.

गाडी उचलण्याआधी

थरथर ब्रेक न दाबताही येते का, हे आधी बघा. येत असेल तर टायर, बॅलन्सिंग, वाकलेला रिम यांच्यामागे लागा, ब्रेकच्या नाही. माझे बुश उगाच बदलले गेले कारण ही एक गोष्ट मला कुणी विचारली नाही आणि मीही सांगितली नाही.

स्टीअरिंग हलत असेल तर दोष बहुधा पुढे. स्टीअरिंग शांत आणि बूड हलतंय, सीट थरथरतेय, तर मागचे ड्रम बघायला हवेत. ओढायचा हँडब्रेक असलेल्या गाडीत रिकाम्या सरळ रस्त्यावर, मागे कुणी नाही हे बघून, ताशी चाळीसला हँडब्रेकचं बटण अंगठ्याने दाबून धरून अगदी हळू थोडासा ओढायचा. तेव्हाच थरथर आली तर ड्रम अंडाकृती झालाय. बटणवाल्या इलेक्ट्रिक हँडब्रेकवर आणि ओल्या रस्त्यावर हा प्रयोग करू नका. जोरात ब्रेक मारल्यावर पेडल टकटक टकटक करत पाय ढकलतं ते एबीएसचं (चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचं) काम, त्याला दोष समजू नका.

एखादं चाक जास्त तापतंय का हेही बघा. वीसेक किलोमीटर चालवून, शेवटचा टप्पा ब्रेक कमी वापरून, थांबल्याबरोबर दोन्ही पुढच्या डिस्कचं तापमान घ्या. त्यासाठी हार्डवेअरच्या दुकानातली इन्फ्रारेड बंदूक लागते. कोविडमध्ये घेतलेली कपाळाची बंदूक काढू नका, त्यातल्या बहुतेक बेचाळीस-त्रेचाळीस अंशांपुढे नुसतं "हाय" दाखवतात. (मी काढली होती. दादा पोट धरून हसला.) बंदूक नसेल तर हाताची मागची बाजू रिमजवळ न्या, टेकवू नका. डावी-उजवीत ठळक फरक असेल तर तापणाऱ्या बाजूचा कॅलिपर सुटत नाहीये. त्यावर पुढे लिहितो.

डायल लावली त्या रविवारी

गाडी सपाटीला, मागच्या चाकांना दगड, चाकाचे नट जमिनीवर असतानाच सैल करून घेतले. मग जॅक, आणि जॅकच्या भरवशावर न राहता खाली घोडी. चाक काढल्यावर दादाने पहिल्यांदा एक गोष्ट केली जी कुठल्याच गॅरेजमध्ये बघितली नव्हती: चाकाचे चारही नट वॉशर घालून परत स्टडवर (हबमधून बाहेर आलेल्या बोल्टांवर) चढवले आणि डिस्क हबवर घट्ट बसवली. चाक नसताना डिस्क सैल असते, तशीच मोजली तर आकडा खोटा येतो.

मॅग्नेटिक स्टँड सस्पेन्शनच्या नकलवर (हब ज्यात बसतो त्या न फिरणाऱ्या भागावर) बसवला. डायलचं टोक डिस्कच्या कडेपासून साधारण एक सेंटिमीटर आत टेकवलं, सुई शून्यावर आणली आणि मला म्हणाला, "फिरव हळू. हातानेच." मी डिस्क फिरवू लागलो. सुई शून्यावरून निघाली, पाच, आठ, अकरा, चौदा घरांपर्यंत गेली आणि तशीच परत आली. एक घर म्हणजे ०.०१ मिलिमीटर. म्हणजे ०.१४. बहुतेक छोट्या गाड्यांना ०.०५ ते ०.१० च्या आत चालतं, तुमच्या गाडीची मर्यादा तिच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असते. उजव्या चाकाला ०.०७ आलं.

चौदा घरं आली त्या जागी त्याने खडूने डिस्कवर एक खूण केली, आणि तिच्या समोर हबच्या स्टडवरही केली. मग नट काढले, डिस्क एक भोक पुढे फिरवून परत बसवली, परत डायल. चोर कोण हे इथे कळतं. सगळ्यात उंच जागा डिस्कवरच्या खूणेबरोबर पुढे सरकली तर डिस्क खराब. ती हबवरच्या खूणेपाशीच राहिली तर हब खराब. आमची हबपाशीच राहिली. दादा म्हणाला, "दोन जोड्या डिस्क फुकट घातल्यास रे."

डिस्क पूर्ण काढली. गंजाने चिकटली असेल तर हातोडा मारत बसू नका. बऱ्याच डिस्कना दोन आट्यांची भोकं दिलेली असतात, त्यात ८ मिलिमीटरचे बोल्ट आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा पिळले की डिस्क स्वतःच हबपासून सुटून येते. आमच्या हबच्या तोंडावर, दोन स्टडच्या मध्ये, तांबूस काळी खपली होती, साधारण करंगळीच्या पेराएवढी. कडा उखडलेल्या, मध्ये फुगलेली. बाकी तोंड चकाकत होतं. दर वेळी डिस्क बदलणाऱ्याने वरवर कपडा मारला असणार, पण खपली तशीच ठेवून वर नवी डिस्क चढवली.

एवढीशी खपली काय करते? हबचं तोंड तेरा-चौदा सेंटिमीटरचं, डिस्क पंचवीसची. हबच्या कडेला पाच शतांशचा उंचवटा असेल तर डिस्कच्या कडेपर्यंत जाईतो तो नऊ शतांशचा होतो. पाटाखाली एका कोपऱ्यात खडा आला की पाट जसा डुगडुगतो, तसंच.

ती खपली आली कुठून, याचं उत्तर चिपळूणकरांना सांगायला नको. २२ जुलै २०२१. वाशिष्ठीचं पाणी आमच्या गल्लीत शिरलं तेव्हा गाडी बिल्डिंगमागच्या चढावर होती, म्हणून इंजिन आणि सीट वाचल्या. पण चाकं निम्म्याच्या वर बुडाली. पाणी उतरल्यावर घरातला चिखल काढण्यात तीन आठवडे गेले आणि गाडी तशीच उभी. मग चालू झाली, ब्रेक दोन दिवस खरखरले, थांबले, आम्ही देवाचे आभार मानले. डिस्कवरचा गंज पॅडने पुसून काढला. डिस्क आणि हबच्या मधल्या फटीत गेलेलं पाणी कोण पुसणार?

पूर नसला तरी कोकणात किनाऱ्याला गाडी बाहेर उभी असेल, किंवा प्रेशर वॉशरने दर आठवड्याला चाकं धुतली जात असतील, तरी हे होतं.

साफ करताना तारेचा ब्रश, मग लाकडी ठोकळ्याला गुंडाळलेला पॉलिश पेपर. ग्राइंडर लावायचा मोह आवरा, हबचं तोंड खाल्लं तर नवा हबच घ्यावा लागेल. स्टडच्या मुळाशी गोल फिरवून घासायला दादाने जुन्या पाइपच्या तुकड्याला पेपर चिकटवून घेतला होता. डिस्कच्या आतली, हबला टेकणारी बाजूही तितकीच महत्त्वाची, तिलाही घासा. साफ झाल्यावर हबवर ग्रीस थापू नका, तोही एक थरच आहे, आणि तापल्यावर उडून पॅडवर आला की ब्रेकच जातील. डिस्क नवी असेल तर तिला लावलेलं गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरने पुसून काढा.

परत बसवून डायल लावली. सुई चार घरं गेली आणि परतली. ०.०४. उजव्या बाजूला खपली नव्हती, नुसता पातळ गंज होता, तिथे ०.०७ चं ०.०५ झालं. साफ करूनही आकडा उतरत नसेल तर डिस्क एकेक भोक फिरवत जा आणि प्रत्येक जागी मोजा. हबचा थोडा तिरकेपणा आणि डिस्कचा थोडा तिरकेपणा एकमेकांना खातात अशी एखादी जागा सापडते. तेवढ्यानेही भागलं नाही तर नुसत्या हबवर डायल लावा. तिथेच सुई फिरत असेल तर खड्ड्यात आपटून हब वाकलाय किंवा बेअरिंग गेलंय. बेअरिंग गेलं असेल तर बहुधा वळणावर घुंईं असा आवाजही येत असतो.

कॅलिपर

दादाने डावा कॅलिपर काढला (आणि तारेने स्प्रिंगला टांगला, होजपाइपवर लोंबकळत ठेवायचा नसतो) तेव्हा दुसरी भानगड दिसली. कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्यातली खालची पिन हाताने हलेना. वरची सुळकन सरकत होती. खालची पान्हा लावून फिरवत फिरवत काढली, तर ग्रीसच्या जागी चिकट पिवळी लापशी. कुणीतरी साधं चेसिस ग्रीस भरलं होतं. ते रबराला फुगवतं, आणि फुगलेलं रबर पिन आवळून धरतं. इथे सिलिकोनचं किंवा ब्रेकसाठीचंच ग्रीस लागतं, तेही बोटाच्या टोकावर मावेल एवढंच.

पिन अडकली की पॅड डिस्कला सोडत नाही. तिरक्या डिस्कला सतत घासणारा पॅड मिळाला म्हणजे आगीत तेल. डाव्या बाजूचा आतला पॅड झिजून बाहेरच्याच्या निम्माच उरला होता, हीच खरं तर त्याची खूण. पॅड बदलताना जुने पॅड शेजारी शेजारी ठेवून बघा. चारही सारखे झिजले नसतील तर मिस्त्रींना विचारा, "हे असं का?" उत्तर न देता नवे पॅड चढवायला निघाले तर थांबवा.

चाक जड फिरत असेल तर अजून एक झटपट चाचणी आहे. ब्रेक दाबून सोडा, आणि चाक अडकलेलं असतानाच कॅलिपरचा ब्लीड निप्पल (ब्रेक ऑइल बाहेर सोडायची छोटी तोटी) किंचित उघडा. चाक लगेच मोकळं झालं तर तेलाचा दाब मागे अडकला होता, म्हणजे बहुधा रबरी होजपाइप आतून सुजलाय, पाच-सहा वर्षांनंतर असं होऊ शकतं. मोकळं झालं नाही तर पिन किंवा पिस्टन. निप्पल बंद करून ऑइलची पातळी बघा, पेडल टणक आहे याची खात्री करा.

पिस्टन मागे ढकलून पॅड बसवले असतील तर गाडी हलवण्याआधी पेडल पाच-सहा वेळा पंप करा. पहिल्या दाबाला पेडल तळाला जातं. मी पंप न करता गाडी रिव्हर्स घेतली आणि तुळशीवृंदावन थोडक्यात वाचलं.

लेथवर द्यायची का?

हब साफ झाला तरी डिस्कवर झिजलेली पातळ जागा राहतेच, ती आपोआप भरून येत नाही. म्हणून जाडी मोजा. कडेपासून सारख्या अंतरावर आठ जागी, मायक्रोमीटरने. व्हर्नियर चालत नाही: एक तर ते दोन शतांशाखाली वाचत नाही, आणि डिस्कच्या कडेला न झिजलेला ओठ असतो, व्हर्नियरचे जबडे त्याच्यावरच बसतात. माझ्या डाव्या डिस्कला आठ जागांत तीन शतांशचा फरक निघाला.

डिस्कच्या टोपीवर किंवा कडेवर किमान जाडी कोरलेली असते. माझी नवी १७ मिलिमीटरची, किमान १५. फेस मारल्यावर त्याच्या खाली जाणार असेल तर सरळ नवी घ्या, पातळ डिस्क लवकर तापते. माझी १६.५ च्या आसपास होती, म्हणून कराडच्या लेथवाल्यांकडे दिली, पण या वेळी समोर उभं राहून. डिस्क लेथच्या चकमध्ये (पकडीत) धरण्याआधी तिची बैठक घासली का, आणि धरल्यावर त्यांनी डायल लावली का, एवढंच बघायचं. गंजलेल्या बैठकीवर धरून फेस मारला तर लेथ मन लावून तिरकी डिस्कच तयार करून देतो. पहिल्या वेळी माझी साडेचार महिन्यांतच का बिघडली याचा मला आता अंदाज आहे.

डिस्कवर निळसर-काळे डाग असतील तर फेस मारण्यात पैसे घालू नका. खूप तापल्यावर बिडाचा तेवढा भाग बदलून दगडासारखा कडक होतो आणि हा कडकपणा खोलवर जातो. वरचा थर काढला तरी आजूबाजूचं मऊ बीड आधी झिजतं आणि डाग परत डोकं वर काढतो.

पंक्चरवाल्याची बंदूक

हे लिहिताना राग येतो. एवढं सगळं सरळ केलेलं असताना पंक्चर काढून घ्यायला जावं आणि हवेच्या बंदुकीने एकेक नट खर्रर्र करून शेवटपर्यंत आवळला जावा. एक नट पूर्ण आवळून मग शेजारचा आवळला की डिस्क हबवर तिरकी दाबली जाते. समोरासमोरचे नट, आधी अर्धे मग पूर्ण, आणि शेवटचा ताण टॉर्क पान्ह्याने. छोट्या गाड्यांना बहुधा ८५ ते ११० न्यूटन-मीटर लागतो, आपल्या गाडीचा नेमका आकडा पुस्तिकेत बघा. टॉर्क पान्हा नसेल तर गाडीबरोबर आलेल्या पान्ह्याने हाताने आवळा, वर उभं राहून नाही. मी आता पंक्चरवाल्यांना सांगतो, "भाऊ, नट नुसते टेकवून द्या, आवळायचं माझ्याकडे." ते माझ्याकडे विचित्र बघतात. बघू देत.

घाट

कुंभार्ली उतरताना माझे ब्रेक दर वेळी वास मारायचे. माणसांसकट १३०० किलोची गाडी शंभर मीटर खाली उतरते तेव्हा जेवढी ऊर्जा सुटते तेवढ्यात चार लिटर गार पाणी उकळेल. घाट सहाशे मीटरचा असेल तर चोवीस लिटर. यातला काही वाटा टायर आणि हवा खातात, उरलेला एक तर इंजिनने रोखायचा किंवा ब्रेकने. चौथ्या गिअरमध्ये ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर त्यातलं बरंचसं पुढच्या पाच-सहा किलोच्या दोन डिस्कवर येतं. ज्या गिअरमध्ये घाट चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं, हे जुने ट्रकवाले सांगतात ते अगदी बरोबर. एएमटी किंवा ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोड किंवा एल मध्ये घाला. ब्रेक थोडा जोरात, थोडाच वेळ, आणि मग पूर्ण सोडायचा. सतत चाटत ठेवायचा नाही.

उतरल्यावर पोफळीला चहाला थांबताना तापलेला ब्रेक दाबून धरून उभे राहू नका. पॅडचा मसाला तेवढ्या जागी डिस्कला चिकटतो, आणि तो उंचवटा म्हणजे पुन्हा तीच थरथर. शेवटचे एक-दोन किलोमीटर ब्रेकला हात न लावता या, थांबल्यावर गिअरमध्ये टाका आणि पाय काढा. आणि तापलेल्या चाकांवर बादली ओतू नका.

नवे पॅड किंवा डिस्क घातल्यावर पहिल्याच दिवशी घाटात नेऊ नका. मोकळ्या रस्त्यावर ताशी साठवरून वीसपर्यंत मध्यम ब्रेक मारायचा, पूर्ण थांबायचं नाही, अर्धा किलोमीटर चालवायची, पुन्हा मारायचा. असं आठ-दहा वेळा, मग ब्रेक न वापरता थोडी चालवून गार होऊ द्यायची. पॅडचा थर डिस्कवर सगळीकडे सारखा बसतो.

घाटात पेडल मऊ पडून खाली जात असेल तर तो वेगळा विषय आहे, ब्रेक ऑइलमध्ये ओलावा शिरलाय. डॉट ४ प्रतीचं ऑइल ताजं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावा मुरल्यावर तीच मर्यादा १५५ वर येते. दोन वर्षं झाली असतील तर बदला, थरथरीची वाट बघू नका.

पुढे काय झालं

सप्टेंबर २०२३ नंतर गाडी तेवीस हजार किलोमीटर चालली. पाच हजारांवर दादाकडून डायल मागून घेऊन मोजलं, डावं ०.०४, उजवं ०.०५. पंधरा हजारांवर पुन्हा मोजलं, तेच. पिना दर पावसाळ्यानंतर काढून पुसतो, अर्ध्या तासाचं काम. खर्च झाला लेथचे पैसे, सिलिकोन ग्रीसची एक छोटी डबी, आणि दादाला जेवण, त्यात सुरमई त्याने स्वतः निवडून आणली.

२०२३ च्या जानेवारीत काढून टाकलेली जुनी जोडी गॅरेजमधून घरी आणली होती, बाबा पडवीतल्या लाकडांवरच्या ताडपत्रीला वजन म्हणून ठेवतात. परवा त्याही मायक्रोमीटरने मोजल्या. एक १६.४, एक १६.५. ताडपत्रीवर आता जांभे दगड ठेवलेत, आणि डिस्क तेल लावून, वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर.